नाव चुकणारच, पण कसं चुकतं ते आधी बघून घ्या

ह्या महिन्यात बारशाच्याच प्रश्नांची पत्रं जास्त आलीत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त नावांबद्दल बोलू.

प्रश्न: ताई नमस्कार, मी मनीष नगरला राहते, सातवा महिना सुरू आहे. मिस्टर स्टुटगार्टला जॉबला आहेत, डिलिव्हरी माहेरी म्हणजे इथेच नागपूरला होणार आणि बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की आम्ही तिकडे जाणार. नावावरून घरात रोज चर्चा, चर्चा कसली वादच. माझ्या लिस्टमधे मुलगी झाली तर जुई, इरा, मीरा आणि मुलगा झाला तर अद्वैत नाहीतर शौर्य. मिस्टर म्हणतात जुईला तिकडे काहीतरी भलतंच म्हणतील, अद्वैत तर कोणाला जमणारच नाही, त्यापेक्षा कियान किंवा मायरा ठेवू, सगळ्या जगात चालते. सासूबाई म्हणतात नक्षत्राच्या अक्षरावरूनच ठेवायचं, त्यांच्या पुतणीच्या मुलाला 'ढा' अक्षर आलं होतं तेव्हापासून मला धडकीच भरली आहे. आणि माझी आजी काटोलकडची, ती म्हणते मायरा काय नाव असते का वं माय, मले तं बोलताच नाही येत. मी सगळ्यांचं ऐकून ऐकून कंटाळून राहिली. असं नाव असते का जे आजीलाही जमेल आणि जर्मन टीचरलाही?
– होणारी आई, मनीष नगर

उत्तर: आधी तब्येतीला जप. नावाचं टेन्शन एवढं घेऊ नको, अजून दोन महिने आहेत आणि कायद्याने त्याहून जास्त वेळ आहे, ते खाली सांगतेच.

सगळ्या जगाला पहिल्या फटक्यात बरोबर म्हणता येईल असं नाव शोधायला बसलीस तर मोजकी पाच-दहा नावं उरतात आणि त्यातलं एकही तुम्हा दोघांना मनापासून आवडेल असं नाही. म्हणून मी सांगेन की प्रश्नच जरा फिरव. लोक नाव बरोबर म्हणतील का हे बघू नको, चुकतील तेव्हा काय ऐकू येईल ते बघ, कारण चुकणार तर आहेतच. ते चुकलेलं रूप रोज कानावर पडलं तर तुला चालेल का, आणि समोरच्याला दोनदा सांगितलं की तो सुधारू शकेल का, एवढ्या दोन गोष्टींना हो आलं की ते नाव ठेव आणि मग कोणाचं ऐकू नको.

आणि ह्यासाठी जर्मनीला जायचीही गरज नाही, आपल्या नागपुरात ही परीक्षा रोजच होते. प्रज्ञा नावाची मुलगी घरात प्रद्न्या असते, खाली हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे गेली की प्रग्या होते आणि शाळेच्या रजिस्टरमधे पी-आर-ए-डी-एन-वाय-ए असं स्पेलिंग असलं की नवीन आलेल्या टीचर तिथेच अडखळतात. मृणालची म्रिनाल होते, कृतिकाची क्रितिका. तुझ्या काटोलच्या आजीच्या बोलण्यात डोळ्याचा डोया आणि पाण्याचं पानी होत असेल ना, मग तिच्या तोंडी मृणालचा ण तरी कुठे टिकणार आहे. तरी आजीनं घेतलेलं नाव कोणाला चुकीचं वाटत नाही कारण ती मायेनं घेते. तो टीचरही तसाच शिकेल, थोडा वेळ लागेल इतकंच.

आता तुझी लिस्ट. जर्मन लोक जे ह्या अक्षराला य म्हणतात, त्यामुळे जुईची युई होणार हे मिस्टरांचं बरोबर आहे, आणि पुढे कधी स्पेनला वगैरे गेलात तर तिथे त्याच जे चा ख होतो, म्हणजे खुई. युई ऐकायला वाईट नाही खरं तर, पण जुई आणि युई ह्यात इतका फरक आहे की मूल शाळेत एक आणि घरी दुसरं नाव ऐकत वाढेल, मला विचारशील तर हे नाव मी बाजूला ठेवेन किंवा घरातलं लाडाचं नाव म्हणून ठेवेन. अद्वैतची अडचण तुम्हाला वाटते तिथे नाहीये. द्व त्यांना जमेल, पण ए-आय ही अक्षरं आली की जर्मन माणूस त्याला आय वाचतो, म्हणून अद्वाइट, आणि इंग्लिश बोलणारा ऍडवेट म्हणेल. दोन्ही ओळखू येतात, सांगितल्यावर सुधारतात, माझ्या मते चालेल. शौर्यबद्दल मात्र दोनदा विचार कर. र्य हा जोड त्यांना जड जातो हे एक, आणि दुसरं म्हणजे शेवटी ए अक्षर असलेलं नाव युरोपात बहुतेक ठिकाणी मुलीचं समजतात. शौर्य, आदित्य, अथर्व, कृष्ण, आपण शेवटचा अ जवळजवळ गिळतो पण स्पेलिंगमधे तो ए बनून बसतो आणि मग मुलाच्या नावाने आलेल्या पत्रावर कुमारी छापून येतं. ह्यानं आभाळ कोसळत नाही पण आठवी-नववीतल्या पोराला ते रोज रोज आवडत नाही.

इरा जर्मनीत छान चालेल, तिकडे इरिनाचं लाडाचं रूप म्हणून ते मुलीचंच नाव आहे. पण अमेरिकेत इरा हे बायबलमधून आलेलं मुलाचं नाव आहे आणि उच्चार आयरा, आणि इंग्लंड-आयर्लंडला तीच तीन अक्षरं कॅपिटलमधे लिहिली की लोकांना तिथली जुनी सशस्त्र संघटना आठवते. तुम्ही जर्मनीतच राहणार असाल तर विषयच नाही, पण आयटीवाल्यांचं पुढचं पोस्टिंग कुठे असेल ते कोणी सांगावं, म्हणून कानावर घातलं.

मीरा हे माझ्या मते तुझ्या लिस्टमधलं सगळ्यात भक्कम नाव. आपल्याकडे संत मीराबाई, तिकडे पूर्व युरोपात मिरा हे त्यांचं स्वतःचंच नाव, आणि आजीलाही एका दमात जमतं. पण इथे एक गोष्ट नीट ऐक, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. नावापेक्षा स्पेलिंगवर जास्त वेळ घालव. आपण मीरा लिहिताना सवयीने दोन ई टाकतो, ती इंग्लिशची रीत आहे. जर्मन माणूस दोन ई बघितले की लांब ए म्हणतो, त्यांच्याकडे समुद्राला असलेला शब्द तसाच लिहितात आणि मेर म्हणतात, म्हणजे तुझी मीरा तिकडे मेरा होईल. एम-आय-आर-ए लिहिलंस तर सरळ मीरा. तसंच दोन ओ चं. पूजा नाव दोन ओ आणि जे घालून लिहिलं तर ते तिकडे पोया होतं, ओळखूसुद्धा येत नाही. नील दोन ई घालून लिहिलं तर नेल. एस नंतर स्वर आला तर जर्मन लोक झ सारखा आवाज काढतात, झेड ला त्स म्हणतात, आणि नावाच्या सुरुवातीला एस-टी किंवा एस-पी आलं की श्ट, श्प, म्हणजे स्तुतीची श्टुटी आणि स्पंदनचा श्पांडान. आणि आता मिस्टरांना हळूच सांग की मायरामधला वाय पण जर्मनमधे ऊ आणि ई ह्या आवाजांच्या मधला वाचतात, म्हणून जगात चालणारी मायरा स्टुटगार्टच्या बालवाडीत म्यूरा व्हायची शक्यता आहे. कियान चालेल, त्याला माझी हरकत नाही, तुम्हा दोघांना खरंच आवडत असेल तर जरूर ठेवा. पण फक्त चालतं म्हणून ठेवू नका, मूल मोठं झाल्यावर माझं नाव हेच का असं विचारेल तेव्हा सांगायला काहीतरी हवं ना.

बाकी देशांचं थोडक्यात. सी-एच ला फ्रेंच लोक श म्हणतात आणि इटलीत ई-आय च्या आधी तो क होतो, म्हणून चिन्मयच्या च चा कुठे श तर कुठे क. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन लोक एच उच्चारतच नाहीत. भ, घ, ध हे युरोपात जवळपास कुठेच नाहीत, भार्गवीची बार्गावी होते आणि ती तशीच राहते, सांगून सुधारणं कठीण. त चा मात्र वेगळा प्रकार आहे, इंग्लिश बोलणाऱ्यांकडे अदितीची अडीटी होते पण स्पेन, इटली, फ्रान्सला त आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणतात, तिथे अदिती सुखात राहील. टी-एच लिहून त मिळेल असं वाटत असेल तर मिळत नाही, तो खटाटोप दक्षिणेकडे चालतो, तिकडे लता आणि गीता पण टी-एच ने लिहितात, अमेरिकन माणूस मात्र तिथे थिंक मधला थ म्हणतो.

घरबसल्या करायची टेस्ट सांगते. फोनमधल्या ट्रान्सलेटच्या ऍपमधे जर्मन भाषा निवड, आपलं नाव ज्या स्पेलिंगने लिहायचं ते टाइप कर आणि स्पीकरचं बटण दाब. एकच नाव तीन स्पेलिंगने टाकून बघ, फरक ऐकून तुलाच कळेल. मग मिस्टरांना सांग की ऑफिसमधल्या दोन-तीन जणांना कागदावर लिहून नुसतं वाचायला द्या, आधी स्वतः म्हणून दाखवायचं नाही. आणि तोच कागद नसताना आजीला फोनवर नाव सांग आणि तिला परत म्हणायला लाव. तिच्या उत्तराला मी टीचरच्या उत्तराइतकंच वजन देईन, खरं सांगायचं तर थोडं जास्तच.

सासूबाईंचं अक्षर. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं, आणि त्यात हस्ताला पू, ष, ण, ठ आणि पूर्वाषाढाला भू, धा, फा, ढा येतं, तुझी धडकी समजू शकते. पण आपल्याकडे पूर्वीपासून पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि व्यवहाराचं नाव वेगळं ठेवतातच. अक्षरावरून एक नाव ठेवा, ते बारशाला पाळण्यात आत्या कानात सांगेल, पत्रिकेत राहील, सासूबाईंचं मन राहील. कागदावर तुमचं दोघांचं नाव. हे मांडताना त्यांना वादात हरवायला जाऊ नको, जन्मनाव काय असावं ते आई तुम्हीच ठरवा म्हण, बघ किती फरक पडतो.

आता कागदपत्रं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती हॉस्पिटलकडून मनपाला जाते, पण त्यात बाळाचं नाव लगेच द्यायलाच हवं असं नाही. नावाशिवाय नोंद होते, वर्षभरात नाव टाकलं तर त्याची फी लागत नाही, नंतर उशिराची फी भरून 15 वर्षांपर्यंत टाकता येतं. तुला पासपोर्ट काढायचा आहे म्हणून तू एवढं लांबवणार नाहीसच, पण डिस्चार्जच्या गडबडीत कोणीतरी पुढे केलेल्या फॉर्मवर घाईत स्पेलिंग लिहू नको. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरतात, शाळा, आधार, पासपोर्ट सगळं त्याच्यावर, त्यामुळे तिथलं एक चुकलेलं अक्षर सगळीकडे जातं. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. मला हा निर्णय फार आवडला, नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईचं नाव कागदावर दिसायलाच हवं. पण त्यामुळे पूर्ण नाव लांब होतं, म्हणून बाळाचं स्वतःचं नाव छोटं असलेलं बरं. पासपोर्टच्या फॉर्ममधे आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, तिकडे व्हिसा-विमानाला त्याचा त्रास होतो.


प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीला असते. मागच्या महिन्यात नात झाली आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच नाव लिहून मोकळे झाले, आम्हाला फोटोसोबत नाव कळलं. ना बारसं ना आत्या ना पाळणा. वर मधे वडिलांचं नावही लावलं नाही, नुसतं नाव आणि आडनाव. आमच्या पिढीला हे पटत नाही. मुलीला बोललो तर ती रडायला लागली. आमचं काही चुकतंय का?
– एक आजोबा, धंतोली

उत्तर: काका, आधी नातीबद्दल खूप खूप अभिनंदन. तुम्हाला वाईट वाटलं ते मला कळतं, पण मुलीची बाजू तुमच्यापर्यंत पोचली नसावी म्हणून सांगते. तिकडे हॉस्पिटलमधेच घरी सोडायच्या आधी जन्म दाखल्याचा फॉर्म भरून घेतात आणि बाळाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्जही त्याच कागदासोबत जातो, म्हणजे बाराव्या दिवसाची वाट बघायची सोयच नाही, नंतर बदलायचं तर वेगळ्या फेऱ्या. ओली बाळंतीण, नवरा एकटा, आणि नर्स फॉर्म घेऊन दारात उभी. त्यात तिने तुम्हाला टाळलं असं मानू नका.

मधल्या नावाचं म्हणाल तर तिकडे मधल्या नावाला वडिलांचा काही संबंधच नाही, ते दुसरं पाळण्यातलं नाव असतं, कोणाला असतं कोणाला नसतं. मुलीच्या मधे पुरुषाचं नाव दिसलं की शाळेत, दवाखान्यात लोक तिलाच त्या नावाने हाक मारतात, बऱ्याच जणांनी म्हणूनच ते सोडून दिलंय. जावईबापूंचा मान त्यानं कमी होत नाही, आडनाव तर त्यांचंच आहे.

बारसं अजूनही करा. मुलीला फोन करा, आधी रडवलं त्याबद्दल दोन शब्द मायेने बोला, आणि रविवार ठरवा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेदहा, तुमच्या संध्याकाळी सातला त्यांची सकाळ असते, बाळ बहुतेक जागंच असेल. आत्याला तुमच्या घरी बोलवा, व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हणा, घुगऱ्या वाटा. आणि एक काम खास तुमच्यासाठी, नातीचं नाव, तिची हाक, एखादं गाणं असं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून दर आठवड्याला पाठवत जा. ती डे-केअरला जायला लागली की दिवसभर त्यांच्या पद्धतीने नाव ऐकणार, आपल्या पद्धतीने म्हणणारे तिला घरातले चार-पाच आवाजच मिळणार आहेत आणि त्यातला एक तुमचा असायला हवा.


प्रश्न: मी मराठी, नवरा बंगाली, रेल्वेत आहेत, आम्ही अजनीला राहतो. मुलीसाठी वेदांती, यशिका, अक्षता ही नावं काढली तर सासरचे म्हणतात बेदांती, जोशिका, ऑक्खोता. मी हसले पण मग रडायलाच आलं. दोन्हीकडे सारखं वाटेल असं काही सुचवा ना.
– अजनीची सूनबाई

उत्तर: तू नेमकी तीच अक्षरं निवडलीस जी बंगालीत बदलतात. व चा ब, सुरुवातीच्या य चा ज, क्ष चा क्ख, आणि अ चा ऑ किंवा ओ, म्हणून आपला विवेक तिकडे बिबेक आणि लक्ष्मी लोक्खी. ही त्यांची चूक नाही, त्यांच्या भाषेत तेच शुद्ध आहे, तुझ्या सासूला वेदांती म्हणायला लावणं म्हणजे तिला आपलं बोलणं सोडायला लावणं, ते नको. ही चार अक्षरं टाळ आणि मग बघ किती नावं मोकळी होतात. मीरा, इला, मिताली, रोहिणी, ह्यात दोन्हीकडे जवळजवळ फरक नाही. सई मला फार आवडेल, त्या शोई म्हणतील, पण मैत्रीण हाच अर्थ त्यांच्याकडेही आहे, त्यामुळे बदललेला उच्चारही परका वाटणार नाही. शिवाय बंगाल्यांकडे डाकनाम आणि भालोनाम अशी दोन नावं ठेवायची पद्धत आहेच, एक घरात हाक मारायला आणि एक कागदावर. डाकनाम सासरच्यांना ठेवू दे, भालोनाम तू आणि नवरा मिळून ठेवा. तुझ्या माहेरचे त्या डाकनामाने हाक मारायला लागले तर तेही चालवून घ्यायला सांग त्यांना, एकतर्फी नको.


प्रश्न: आम्ही इंदोऱ्याला राहतो. मला ओसाकाला दोन वर्षांचं काम मिळालंय, बायको आणि होणारं बाळ सोबत असतील. बाबासाहेबांच्या विचाराचं, धम्माशी नातं असलेलं नाव हवं आणि जपानी लोकांनाही म्हणता यायला हवं. मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता अशी नावं डोक्यात आहेत.
– एक वाचक, इंदोरा

उत्तर: भाऊ, तुमच्या प्रश्नाने मला खरंच आनंद झाला, कारण बौद्ध परंपरेतली नावं आशियाभर आधीच जाऊन आलीत. मिलिंदचंच बघा, मिनँडर हा ग्रीक राजा, त्याने भन्ते नागसेनांना प्रश्न विचारले ते मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथात आहेत, आणि ग्रीकांचा मिनँडर पालीत मिलिंद झाला. बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज काढलं त्याचं नाव मिलिंद आणि तो परिसर नागसेनवन. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना नाव बदललं म्हणून ते कमी झालं का? आणि नागपूरकरांना तर मी आणखी जवळचं उदाहरण देऊ शकते, दीक्षाभूमीशी आयुष्य जोडलेले आपले भन्ते मूळचे जपानी, त्यांचं जपानी नाव शूरेई ससाई, आपण सगळे त्यांना सुरई ससाई म्हणतो आणि ते त्या हाकेला ओ देतात.

जपानीची गंमत अशी की तिथे न सोडला तर व्यंजन एकटं राहत नाही, मागे स्वर लागतोच, ल आणि र एकच, व चा सहसा ब. म्हणून मिलिंदचं मिरिंदो होईल, सिद्धार्थला ते शिद्दारुता म्हणतात, पण बुद्धांचं नाव म्हणून ते त्यांना माहीत असतं. नागसेनचं नागासेना, हे छान बसतं. मुलीसाठी सुजाता सगळ्यात उत्तम, जशाच्या तसं सुजाता, आणि भगवान बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताच्या नावावरून तिथे कॉफीत घालायच्या क्रीमचा एक प्रसिद्ध ब्रँडसुद्धा आहे, त्यामुळे शेजारीण हसून ओळखेल. करुणा पण सुंदर, ण चा न होईल इतकंच. मला विचाराल तर मुलगी झाली तर करुणा आणि मुलगा झाला तर नागसेन, पण मिलिंदवर तुमचा जीव असेल तर मिरिंदोला घाबरू नका, दोन वर्षांचाच प्रश्न आहे आणि नाव आयुष्यभराचं. तिथल्या रेसिडन्स कार्डवर नाव पासपोर्टसारखं रोमन अक्षरात असतं, पण बँकेत, बालवाडीत कटाकाना लिपीत लिहून मागतात. ते काउंटरवरच्या माणसावर सोडू नका, ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्यासमोर नाव दोन-तीनदा म्हणा, जवळचं रूप त्याच्याकडून लिहून घ्या आणि सगळीकडे तेच एक रूप द्या.


प्रश्न: मुलाचं नाव श्लोक, सहा वर्षांचा आहे. कंपनी आम्हाला डॅलसला पाठवतेय आणि एका कलीगने सांगितलं की ह्या नावाचा तिकडे वाईट अर्थ होतो. जायच्या आधी बदलून टाकावं का?
– काळजीत असलेले आईबाबा, त्रिमूर्ती नगर

उत्तर: नको. कलीगचं अर्धं खरं आहे, श्लॉक असा एक शब्द तिकडे आहे, हलक्या दर्जाच्या मालाला किंवा रद्दी सिनेमाला म्हणतात, पण त्याचा उच्चार श्लॉक आहे आणि तुमच्या मुलाचा श्लोक, ओक झाडातला ओ. टीचरला पहिल्याच दिवशी हेच सांगा, ओक ट्री मधला ओक आणि आधी श्ल, इतकी छोटी खूण लोकांच्या लक्षात राहते. कमला हॅरिस अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या, त्यांनीही लोकांना स्वल्पविरामाचा कॉमा आणि पुढे ला अशीच खूण देऊन नाव शिकवलं. सहा वर्षांच्या मुलाला त्याचं नाव स्वतःचं वाटायला लागलेलं असतं, ते आता काढून घेणं म्हणजे तुझ्यात काहीतरी चुकीचं होतं असं त्याला सांगणं. शिवाय बदलायचं म्हटलं तर राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, शाळा, पासपोर्ट एवढं सगळं, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यापेक्षा जायच्या आधी घरी रोज थोडी प्रॅक्टिस करा, कोणी चुकीचं म्हटलं तर न चिडता, न लाजता आपलं नाव परत कसं सांगायचं त्याची. वर्गात पहिल्या दिवशी ते त्यालाच सांगू द्या, तुम्ही मागे थांबा.